दिवसाचं पोषण कमी वेळांत कसं बसवायचं? इंटरमिटंट फास्टिंगचा पुणेरी ताटातला हिशोब

इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे ठरलेल्या वेळेतच खाणं आणि बाकी वेळ उपास, करताना शरीराला पुरेसं पोषण मिळतं का? मिळू शकतं, पण आपोआप मिळत नाही. आपल्याकडचं नेहमीचं शाकाहारी ताट दिवसातून तीन-चार वेळा वाढून घेतलं, तरी त्यात प्रथिनं, बी-१२, कॅल्शियम आणि लोह जेमतेमच असतं. त्यातली एक वेळ काढून टाकली की जेमतेमचं अपुरं होतं. काट्यावर वजन उतरताना दिसतं, त्यामुळे हे लवकर लक्षात येत नाही. काही महिन्यांनी केस गळायला लागतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, आणि उपास सोडला की गेलेलं वजन पोटावर परत येतं.

म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. बहुतेक जण आधी तास ठरवतात आणि मग त्या तासांत जमेल ते खातात. इथे आधी ताट ठरवायचं, ते काही आठवडे नेहमीच्या वेळांना खाऊन अंगवळणी पाडायचं, आणि मगच खाण्याची वेळ आवळत न्यायची.

वजन नेमकं कशामुळे उतरतं

सगळ्यात जास्त केली जाते ती १६:८ पद्धत: १६ तास पोट रिकामं, ८ तासांत सगळं खाणं. १४:१० हा तिचा सौम्य प्रकार. ५:२ मध्ये आठवड्यातले पाच दिवस नेहमीसारखं आणि दोन दिवस अगदी कमी खातात. काही जण एक दिवसाआड उपास करतात, काही दिवसातून एकदाच जेवतात.

महाराष्ट्रात या सगळ्यांच्या आधी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणांची पद्धत घरोघरी पोचली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, दिवसात दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचं सांगणं. पुण्यातल्या कित्येक घरांत या दोन मतांवरून जेवणाच्या टेबलावर वाद झाले. पण दीक्षितांच्या आखणीत जेवणाआधी कोशिंबीर-सॅलड आणि मोड आलेली कडधान्यं आहेत, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे. लोकांनी त्यातलं "दोनदाच जेवा" एवढंच उचललं, मोड आणि चालणं सोडून दिलं. पोषणाची गळती सुरू होते ती इथून.

वजन उतरतं ते मुख्यतः एकूण खाणं कमी झाल्यामुळे. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर अभ्यास झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी दिल्या. एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाल्लं, दुसऱ्यावर वेळेचं बंधन नव्हतं. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलोंनी आणि दुसऱ्याचं ६.३ किलोंनी कमी झालं होतं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. थोडक्यात, घड्याळ उपयोगी पडतं ते खाण्याला कुंपण घालायला. रात्री साडेदहाचा चिवडा आणि टीव्हीसमोरची बिस्किटं त्या कुंपणाबाहेर राहतात, तेवढाच फायदा. तोही लहान नाही, पण तो जादूचा नाही. २०१६ साली योशिनोरी ओसुमी यांना पेशींच्या स्वतःच्या साफसफाईवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं आणि तेव्हापासून "सोळा तासांनी पेशी स्वच्छ होतात" असे व्हिडिओ फिरू लागले. ओसुमींचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे. त्यावरून पुण्यातल्या माणसाने किती तास उपाशी राहावं, हे ठरत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती २०२० सालच्या एका अमेरिकी अभ्यासाची. ११६ जणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. खाण्याची वेळ दुपारी १२ ते रात्री ८. काय खावं, किती खावं, व्यायाम करावा का, हे काहीच सांगितलं नव्हतं. वजन एका किलोपेक्षाही कमी उतरलं, आणि वेळेचं बंधन नसलेल्या गटाहून ते फारसं वेगळं नव्हतं. ज्यांच्या शरीराची यंत्रावर तपासणी केली, त्यांच्यात तर घटलेल्या वजनातला जवळपास दोन तृतीयांश भाग चरबीचा नव्हता, स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा होता. नुसते तास पाळले आणि ताटाकडे पाहिलं नाही, तर असं होऊ शकतं.

आपल्यासाठी हे जास्त गंभीर का

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक अनेक वर्षं हे सांगत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी आहे, त्याने ती खर्च करून वजन उतरवणं परवडणारं नाही.

बी-१२ ची गोष्टही पुण्याचीच. याज्ञिकांच्याच गटाने इथल्या खेड्यातल्या, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ निरोगी, मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळतं. स्पिरुलिना किंवा इडलीच्या आंबवलेल्या पिठावर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. सकाळचा दुधाचा कप आणि रात्रीची दह्याची वाटी उपासाच्या तासांत गेली, तर आधीच कोरड्या विहिरीतून आणखी एक बादली काढल्यासारखं होतं.

पायरी पहिली: आपण हे करावं का?

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया, १८ वर्षांखालची मुलं, आधीच कमी वजनाच्या व्यक्ती, खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेले आणि थकलेले ज्येष्ठ, यांनी हे करू नये. दहावी-बारावीच्या मुलींना तर कुणीही हे सुचवूसुद्धा नये.

मधुमेह असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपासाचा एक तासही वाढवू नका. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असताना जेवण लांबवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना लांब उपासात रक्तात आम्लं वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ मुळातच कमी होत जातं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना दाब फार खाली येऊन चक्कर येऊ शकते. पित्ताशयात खडे असतील तरीही आधी विचारून घ्या. भराभर वजन उतरलं आणि पोट फार वेळ रिकामं राहिलं की खडे होण्याची शक्यता वाढते.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असल्याने उपासाला अडचण नाही. फक्त कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा, आणि त्या दोन्हीही एकमेकींबरोबर घेऊ नका. खाण्याची वेळ आवळली की या गोळ्या एकमेकींच्या अंगावर येतात, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

पायरी दुसरी: सुरुवातीची मापं

वजन लिहून ठेवा, पण त्याहून महत्त्वाचं माप कमरेचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावायची. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या पुढे धोका मानतात. बीएमआयची मर्यादाही आपल्यासाठी खालची आहे: २३ च्या पुढे जास्त वजन, २५ च्या पुढे स्थूलता.

ताकदीचं माप घरच्या घरी घेता येतं. हात छातीशी बांधून खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं, ते मोजा आणि तारखेसह लिहा. पुढे हा आकडा फार उपयोगी पडणार आहे.

रक्तातल्या हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठवलेलं लोह), बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉईड) या तपासण्या करून घ्या. कमतरता निघाली तर ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी भरून काढायची. हिमोग्लोबिन ९ असताना उपासाची पद्धत निवडत बसण्यात अर्थ नाही.

पायरी तिसरी: आत्ताचं खाणं लिहून काढा

चार दिवस वहीत लिहा, त्यात शनिवार-रविवार धरा. चहा धरा. भाजी चाखताना तोंडात टाकलेलं, मुलाच्या डब्यातलं उरलेलं, सगळं धरा.

एक उदाहरण घेऊ. समजा ४५ वर्षांची, ६६ किलो वजनाची, शाकाहारी, नोकरी करणारी बाई आहे. दिवसात तीन कप दुधाचा चहा, नाश्त्याला पोहे, डब्यात तीन पोळ्या आणि सुकी भाजी, संध्याकाळी थोडा चिवडा, रात्री वरण-भात, एक पोळी, भाजी. प्रथिनांची बेरीज करून पाहा: चहातल्या दुधातून ५ ग्रॅम, दाणे घातलेल्या पोह्यांतून ५, डब्यातून ११, चिवड्यातून २, रात्रीच्या जेवणातून १५. एकूण ३८ ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तिला रोज ५५ ग्रॅम हवीत. ती १६:८ सुरू करते, पोहे आणि सकाळचा चहा सोडते, बाकी सगळं तसंच. आता ३२ ग्रॅमही होत नाहीत.

ती काही चुकीचं खात नाही. घरचं, साधं, कमी तेलाचं खाते आहे. फक्त त्या ताटात डाळ पातळ आहे आणि डब्यात कडधान्य नाही.

पायरी चौथी: ताट बांधा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. वजन उतरवताना स्नायू राखायचे असतील, तर किमान शिफारशीवर थांबू नका. मूत्रपिंडं निरोगी असतील तर दर किलोमागे १ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घेण्याचं लक्ष्य ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरच ठरवतील. आपल्या उदाहरणातल्या बाईंसाठी ६६ ग्रॅम. तीन बैठका आणि एक मधलं खाणं यांत हे असं बसतं:

सकाळी मूगडाळीची दोन धिरडी (सुमारे ४५ ग्रॅम डाळ) आणि वाटीभर दही: १५ ग्रॅम. अंडी चालत असतील तर दोन अंडी आणि एक पोळी घेतली तरी तेवढंच.

दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट मटकीची उसळ, डाळ घातलेली पालेभाजी, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि ताक: २३ ग्रॅम.

चारच्या सुमारास मूठभर फुटाणे आणि एक पेरू: ६ ग्रॅम.

संध्याकाळी दीड वाटी घट्ट वरण किंवा आमटी, थोडा भात, एक पोळी, भाजी आणि पेलाभर दूध: २२ ग्रॅम.

बेरीज ६६. तेल मोजून वापरलं तर कॅलरी साधारण सोळाशे-सतराशेच्या आसपास येतात. यातून वजन उतरत नसेल, तर एक भाकरी कमी करा, भात काढा किंवा फोडणीचं तेल आणखी मोजा. डाळ, उसळ, दही, दूध आणि पालेभाजीला हात लावायचा नाही. आपल्याकडे बरोबर उलटं होतं: "आज हलकंच खाते" म्हणून वरण-उसळ वगळतात आणि चहाबरोबर दोन खारी खातात. काहीही झालं तरी दिवसाच्या एकूण कॅलरी हजाराच्या खाली नेऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचीही तीच मर्यादा आहे.

प्रथिनं वाढवायला पावडरच लागते असं नाही. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, एका अंड्यात ६. पोळीच्या कणकेत सोयाबीनचं पीठ दळून आणता येतं. शेंगदाणे चांगलेच, पण मूठभर दाण्यांत ७ ग्रॅम प्रथिनांबरोबर दीडशेहून जास्त कॅलरी येतात, तेव्हा ते मोजून घ्या.

कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम हवं. दूध, दही आणि ताक मिळून साडेचारशेच्या घरात जातं. उरलेलं आपल्या जुन्या स्वयंपाकात आहे: दुपारच्या दोन भाकऱ्यांपैकी एक नाचणीची करा, तिळाची चटणी पानात डावीकडे चमचाभर ठेवा, मंडईत मिळणारी राजगिऱ्याची, मेथीची, शेवग्याची पालेभाजी आठवड्यातून चार दिवस करा.

लोहाची गरज पाळी चालू असलेल्या बाईला आयसीएमआरच्या हिशोबाने रोज २९ मिलिग्रॅम आहे, पुरुषाला १९. नुसत्या शाकाहारातून २९ गाठणं अवघडच, म्हणून जे मिळतं ते अंगी लागेल असं पाहायचं. उसळीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर पेरू किंवा आवळा घ्या. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. खाण्याचे तास कमी झाले की लोक राहिलेले चहा जेवणाला चिकटून पितात, तिथे हे बिघडतं.

चोथ्याचंही पाहा. जेवणं कमी झाली की बद्धकोष्ठ ही पहिली तक्रार येते. भाकरी, सालीची डाळ, कोशिंबीर आणि दोन फळं रोज असली तर सहसा येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच तक्त्यात बसत नाही. घरात बाई शेवटी जेवते. वरणातला घट्ट भाग मुलांच्या आणि नवऱ्याच्या वाटीत जातो, उसळ संपलेली असते, आणि तिच्या वाट्याला पातळ आमटी आणि सकाळची पोळी येते. वेळेचं बंधन पाळणाऱ्या बाईला हे परवडणार नाही, कारण नंतर भरून काढायला बैठकच नाही. वाढायला घेण्याआधी स्वतःची उसळीची आणि दह्याची वाटी बाजूला काढून ठेवा. सासूबाई काय म्हणतील असं वाटत असेल, तर त्यांचीही वाटी काढून ठेवा. त्यांना तर प्रथिनांची गरज जास्तच आहे.

हे ताट निदान दोन-तीन आठवडे नेहमीच्या वेळांना खा. पुढच्या पायरीची घाई नको.

पायरी पाचवी: खिडकी (खाण्याचे तास) हळूहळू आवळा

रात्रीचं जेवण आठला संपलं आणि सकाळी आठला नाश्ता, म्हणजे १२ तास झालेच. पहिले दोन आठवडे एवढंच कटाक्षाने पाळा. मग १३, मग १४. बहुतेक पुणेकरांसाठी १४:१० वर थांबणं शहाणपणाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा तासांत वरचं संपूर्ण ताट न कोंबता बसतं. १६:८ ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, पण वही समोर ठेवून. प्रथिनांची बेरीज होत नसेल तर खाण्याचा एक तास परत वाढवावा. दिवसातून एकदाच जेवण्यात मात्र ६६ ग्रॅम प्रथिनं आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम एका बैठकीत शाकाहारी ताटातून पोटात जाणं जवळपास अशक्य आहे. मी ते कुणालाच सुचवत नाही.

खिडकी सकाळी उघडायची की दुपारी? २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या काही पुरुषांवर पाच आठवड्यांचा एक छोटा अभ्यास झाला. त्यांना सहा तासांत, दुपारी तीनच्या आत सगळं खायला सांगितलं होतं. वजन न घटताही त्यांच्यात इन्सुलिनचं काम आणि रक्तदाब सुधारला. माणसं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये, पण लवकर जेवण्याकडे कल ठेवायला हरकत नाही. आपल्या शेजारची जैन कुटुंबं चौविहार पाळून सूर्यास्ताआधी जेवतात, म्हणजे पुण्यातल्या धावपळीतही हे जमतं.

हिंजवडीहून कंपनीच्या बसने घरी पोचायला साडेआठ-नऊ होत असतील, तर दुसरा डबा न्या. साडेसहाला ऑफिसातच उसळ-पोळी किंवा पनीर-भाकरी खाऊन घ्यायची, घरी आल्यावर फक्त पाणी किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी. मेसमध्ये जेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक वाटी जास्त डाळ किंवा उसळ मागून घ्यावी, आणि खोलीवर उकडलेली अंडी, फुटाणे, दही ठेवावं.

उपासाच्या तासांत पाणी, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा किंवा कोरी कॉफी चालते. कोपऱ्यावरचा अमृततुल्य चहा नाही. त्यात दूध आणि भरपूर साखर असते. तो आवडत असेल तर खाण्याच्या वेळेत एक घ्या आणि जेवणापासून दूर घ्या. निर्जळी करू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घशाला कोरड पडायची वाट न पाहता पाणी प्या.

उपासाच्या दिवशी काय?

आपल्याकडचे उपास आणि ही पद्धत एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ, त्यात प्रथिनं नावापुरती. खिचडीची एक बशी सहज चारशे-पाचशे कॅलरींची होते. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दाण्याची आमटी, दही, दूध, उकडलेलं रताळं असं घ्या. वरीचे तांदूळ साबुदाण्यापेक्षा बरे.

संकष्टीला चंद्रोदय रात्री उशिरा असतो, त्यामुळे त्या दिवशी लवकर जेवण्याचा नियम मोडणारच. मोडू द्या. आधीच दिवसभर उपास, त्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा १६ तास भरायचे म्हणून सकाळ कोरडी काढणं हा अंगावर अत्याचार आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला नाश्ता करा.

पायरी सहावी: स्नायूंना काम द्या

प्रथिनं खाल्ली तरी स्नायूंना काम मिळालं नाही तर ते टिकत नाहीत. पर्वती किंवा हनुमान टेकडी रोज चढणं उत्तम, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं होतं. त्याला आठवड्यातून दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची जोड द्या: खुर्चीतून ऊठबस, भिंतीवर हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, सूर्यनमस्कार. हे उपासाच्या शेवटच्या तासात करायची गरज नाही. व्यायामानंतर तासा-दोन तासांत प्रथिनांचं जेवण येईल अशी वेळ निवडा.

पायरी सातवी: काय पाहायचं, कधी थांबायचं

आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणं योग्य. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो गेले तर हुरळून जाऊ नका, त्यात पाण्याचा भाग मोठा असतो.

हातापायांना घाम सुटून थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखं होणं यांपैकी काही झालं, तर किती तास झाले हे न पाहता लगेच साखर किंवा गूळ-पाणी घ्या, आणि मधुमेह असेल तर डॉक्टरांना कळवा. पाळी लांबली किंवा बंद झाली, केस मुठीने यायला लागले, हातापायांना मुंग्या, सतत थंडी वाजणं, रात्री झोप उडणं, खिडकी उघडली की बकाबका खाल्लं जाणं, यांतलं काहीही सुरू झालं तर तास सैल करून परत तीन वेळांच्या जेवणावर या.

बारा आठवड्यांनी कमरेचा घेर, खुर्चीतली ऊठबस आणि ज्यात कमतरता होती त्या रक्ततपासण्या पुन्हा करा. घेर कमी आणि ऊठबस तेवढीच किंवा जास्त, तर चरबी उतरते आहे. तसंच चालू ठेवा. वजन कमी पण ऊठबसही कमी, तर स्नायू जात आहेत. अशा वेळी खाण्याचे दोन तास वाढवून सकाळचं प्रथिनांचं खाणं परत आणा. घेर जागचा हललाच नसेल, तर शनिवार-रविवारची पानं उघडा. सोमवार ते शुक्रवार काटेकोर आणि शनिवारी मिसळ, रविवारी हॉटेल, रात्री आइस्क्रीम, असं बहुतेक वह्यांत लिहिलेलं असतं. तेही नसेल, तर तेलाची बाटली महिन्याला किती संपते ते पाहा. माणशी अर्ध्या लिटरच्या वर जात असेल तर गळती तिथे आहे.